हजेरीचं मेडल

७ ऑक्टोबर

कांता, आधी माफी मागतो. ही डायरी हितेंद्रने जानेवारीत दिली होती, रंगाच्या दुकानाची फुकटची, आणि मी ती उघडतोय आज, दसरा उलटून गेल्यावर. तुला वाटलं असेल, मी गेले आणि म्हातारा विसरला. विसरलो नाही. लिहायला बसलं की वाटतं, सातवी नापास माणसाने काय लिहावं? शिवाय रोज सांगण्यासारखं काय होतं? नळ येतो, नळ जातो. तू होतीस तेव्हा तेही सांगायचो, ही गोष्ट वेगळी.

आता मात्र काहीतरी होणार असं वाटतंय. सकाळपासून ढेकर येतायत. गॅसही असेल.

तुळशीची लग्नं झाली की बँडचा सीझन. आपला हितेंद्र आता मालक आहे बँडचा, बापाच्या, म्हणजे माझ्या भावाच्या जागी उभा राहतो, पोटही भावासारखंच सुटलंय. सगळ्यांचे लाल कोट दुरुस्तीला माझ्याकडे आलेत. कुणाची झालर गेली, कुणाचं बटण, एकाच्या खिशात मागच्या वर्षीची जिलेबी. काल हितेंद्र जुन्या बाजारातून बिल्ल्यांची पिशवी घेऊन आला. म्हणाला, "काका, यंदा माझ्या छातीवर जागा रिकामी दिसता कामा नये. पहिलीच वरात प्रभादेवीची आहे. मोठी पार्टी."

पिशवी अजून उघडली नाही. उद्या बघतो.

८ ऑक्टोबर

सांगितलं होतं ना, काहीतरी होणार.

तुला ठाऊक आहे, बँडच्या कोटावरचा बिल्ला पत्र्याचा असतो. पुढे सिंह नाहीतर मुकुट, मागे टाचणी, नखाने दाबला की वाकतो. आयुष्यभर मी तेच शिवले. आज पिशवीत हात घातला तर तीन जड वस्तू हाताला लागल्या. एक चांदणी, दोन गोल. वरच्या फिती कुजून एकमेकींत गुंतलेल्या. कडेला बारीक इंग्रजी अक्षरं कोरलेली. मी डॅनीला हाक मारली. डॅनी तसाच आहे. ट्रम्पेट सुटली, दात गेले, जीभ शाबूत. शेजारच्या खोलीतून भिंगासकट आला.

"सोल्जरचं नाव आहे, अण्णा. सिपाही जे. कासारे. नंबर पण आहे, पलटण पण आहे. ओरिजिनल माल."

"ओरिजिनल म्हणजे?"

"म्हणजे तू आत जाणार."

मी खाली बसलो. हितेंद्र आला, त्याला सांगितलं. तो म्हणाला, "काका, वरातीत कोण चष्मा लावून छाती वाचतं? चमकतंय ना? मग लावा."

"अरे, कुणीतरी लढाईत मिळवलेलं असेल."

"मग त्याने बाजारात का टाकलं?"

मी तिन्ही वस्तू खडूच्या डब्यात टाकल्या आणि सांगितलं, सुई मोडली.

१० ऑक्टोबर

दोन दिवस वाद चालू आहे. डॅनी म्हणतो, मेडलला आता काही अर्थ राहिला नाही. त्याची नात जोॲना जानेवारीत मॅरेथॉनला गेली होती. तिला ताटलीएवढं मेडल मिळालं, या सैनिकाच्या तिन्ही मिळून होणार नाहीत एवढं.

"धावली म्हणून?" मी विचारलं.

"थोडी धावली. मग चालली. मग मैत्रिणीबरोबर टॅक्सीत बसली."

"तरी मेडल?"

"फी भरली होती ना."

मी म्हटलं, ते वेगळं. तो म्हणाला, "बरं, आणि तुझ्या भिंतीवर काय आहे?" भिंतीवर ते कोविड योद्ध्याचं सर्टिफिकेट आहे. तुलाही मिळालं होतं, आठवतं? अख्ख्या चाळीला वाटलं होतं. आपण दोघं दार लावून पत्ते खेळत होतो. मी ते आज उतरवलं. भिंतीवर पांढरा चौकोन राहिला, तो जास्तच दिसायला लागला, म्हणून पुन्हा लावलं.

डॅनी म्हणतो, त्या पलटणीतली पुष्कळ माणसं वरळीच्या बीडीडी चाळीत राहायची, तिकडे विचार. मी पोलिसात द्यावं म्हणत होतो. तो म्हणाला, पोलीस पहिलं विचारतील, तुझ्याकडे कुठून आलं? मी वरळीला जायचं ठरवलं.

१५ ऑक्टोबर

जाऊन आलो. सविस्तर लिहितो, कारण तू असतीस तर "मग?" "मग?" करून जीव खाल्ला असतास.

निळा सदरा घातला. इस्त्रीचा तेवढा एकच होता.

वरळीच्या अर्ध्या चाळी गेल्या, टॉवर उभे राहिले. बुद्धविहाराबाहेर एक जण बसले होते, त्यांना कासारे म्हटल्याबरोबर, "मिल्ट्रीवाले जगदीश कासारे? घरचे नव्या टॉवरात गेले," म्हणून बोट वर केलं. खूपच वर. लिफ्टमध्ये मी डोळे मिटून उभा राहिलो.

दार एका ठेंगण्या, पांढऱ्या केसांच्या बाईंनी उघडलं. हातात लसूण.

"कुणाकडे?"

"जे. कासारे..."

"ते आता भेटायचे नाहीत. त्यांना जाऊन झाली बरीच वर्षं. माझ्याकडून चालेल का?"

नाव जाईबाई. मी दारातच एका दमात सगळं सांगितलं. मी परळचा टेलर, बँडवाल्यांचे कोट शिवतो, मी चोर नाही, पुतण्याही चोर नाही, बाजारवाला असेल. आणि तिन्ही मेडलं पुढे धरली. मला वाटलं बाई रडतील. मी त्यासाठी धुतलेला रुमालही नेला होता. बाईंनी मेडलं पाहिली आणि खो खो हसल्या.

"परत आली होय ही! या, बसा टेलरमास्तर. टॉवरात येताना धम्मपाल म्हणाला, आई, जुनं काही न्यायचं नाही. म्हणून ह्यांचा कोट मी बोहारणीला दिला. खिशावर ही होतीच."

"मेडलांसकट?"

आत गेल्या आणि स्टीलचा डबा घेऊन आल्या. "हा बघा, त्याच्यावर घेतला. बोहारीण वाटीच द्यायला बघत होती. मी सोडते काय! झाकण बघा, मुंगी जायची नाही."

"अहो, पण मेडल देऊन डबा?"

"मेडलात पीठ राहत नाही, टेलरमास्तर."

मग त्यांनी एकेक हातात घेऊन सांगितलं. चांदणी एकाहत्तरच्या लढाईची, ते ज्या आघाडीवर होते तिथल्या सगळ्यांना मिळालेली. एक गोल, तेही लढाईचंच, तेही सगळ्यांना. आणि तिसरं, देशाच्या स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी जे नोकरीत होते त्यांना.

"म्हणजे त्यात काय केलं?"

"हजर होते. हे हजेरीचं."

"हजेरीला मेडल?" माझ्या तोंडून निघून गेलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. "हजर राहणं सोपं वाटतं काय तुम्हाला?"

मी म्हटलं, ते असो, आता ही घ्या, मी सुटलो. तर म्हणाल्या, "आज नको. धम्मपाल घरी नाही. मुलाच्या माघारी कशी घेऊ? परत आणा." आणि त्याच डब्यात चिवडा भरून दिला. मी नको नको म्हणत होतो. चिवडा चांगला आहे. लसूण जास्त आहे, पण चांगला आहे.

१७ ऑक्टोबर

डबा धुऊन ठेवलाय. आता परत द्यायचा. रिकामा डबा परत देऊ नये हे तू मला शिकवलंस, लग्न झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, तेही चारचौघांत. पण त्यात काय घालू? लालबागच्या चिवडा गल्लीत गेलो, पण चिवड्यावर चिवडा कसा द्यायचा? शेवटी मालवणी खाजं घेतलं. आल्याचं. बाईंचे दात शाबूत आहेत, हसताना बघितले.

केस कापले. वाढले होते.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन संध्याकाळी, म्हणून दुपारीच वरळीला जाऊन आलो. धम्मपाल घरी होता. मोठ्या ऑफिसात आहे, कानात काहीतरी अडकवून फोनवर बोलत होता. सूनबाई प्रितीने पाणी दिलं. मी खिशात हात घातला तशा जाईबाईंनी डोळे मोठे केले आणि मला स्वयंपाकघरात बोलावलं.

"धम्मपालसमोर कशी घेऊ? त्याला वाटतं ती माझ्या ट्रंकेत आहेत."

"गेल्या वेळी तुम्ही म्हणालात, तो नाही म्हणून..."

"शिवाय आज अमावास्या. अमावास्येला मी घरात लोखंड घेत नाही."

"हे लोखंड नाही."

"धातू तो धातू."

प्रिती मागे उभी होती. ती म्हणाली, "आई, तुम्ही अमावास्या कधीपासून बघायला लागलात?" आणि तोंडावर ओढणी धरून बाहेर पळाली. मला तर वाटायचं, हे लोक मुहूर्त-बिहूर्त मानत नाहीत. पण प्रत्येक घराचं वेगळं असतं, आपण कोण बोलणार?

खाजं आवडलं. डब्यात आता बेसनाचे लाडू आहेत. मी म्हटलं, दिवाळीचे वाटतं? तर म्हणाल्या, "आम्ही दिवाळी करत नाही. लाडू करतो."

फोन नंबरही घेतला माझा. एक ब्लाऊज सैल करायचा आहे म्हणाल्या.

२९ ऑक्टोबर

ब्लाऊजचा फोन नाही.

२ नोव्हेंबर

हितेंद्र हटून बसलाय. बाकी सगळे कोट झाले, त्याच्या कोटाची छाती अर्धी रिकामी. पत्र्याचे बिल्ले लावून दाखवले तर म्हणतो, यात वजन नाही. "काका, प्रभादेवीच्या त्या वरातीत दुसरा बँडपण आहे, मुलीकडचा. त्यांचा मास्तर छातीवर चांदी लावून येतो."

"मग चांदी आण."

"तुमच्या खडूच्या डब्यात आहे तेच द्या."

म्हणजे त्याला जागा कळली आहे! मी मेडलं तिथून काढून उशीच्या खोळीत घातली. ती टोचतात. चांदणीला पाच टोकं आहेत, पाचही मानेलाच लागतात.

मेडलांची ही मजा बघ. ज्याची आहेत त्याच्या बायकोला नकोत, ज्याची नाहीत त्याला हवीत, आणि झोप उडाली माझी.

४ नोव्हेंबर

आज मी युक्ती केली. तुला आवडली नसती.

लाडवांचा डबा परत द्यायचा होता. तळाशी कागदात गुंडाळून तिन्ही मेडलं ठेवली, वर नारळाच्या वड्या रचल्या. जाईबाईंनी डबा उघडून वरची वडी खाल्ली आणि छान झाल्यात म्हणाल्या. मी काही बोललो नाही. (वड्या डॅनीच्या घरून आल्या होत्या.) चहा प्यायलो, उठलो. लिफ्टमध्ये डोळे उघडे ठेवले. सुटलो, कांता.

निळ्या सदऱ्याची कॉलर विरली म्हणून नवा शिवला. कापड पडूनच होतं.

६ नोव्हेंबर

सुटलो नाही.

दुपारी मशीनवर बसलो होतो तर चाळीत गडबड. बघतो तर जाईबाई! वरळीहून बसने आल्या, डबा पिशवीत. चाळीतल्या सगळ्या बायका एकाच वेळी कपडे वाळत घालायला गॅलरीत. डॅनी दारात खुर्ची टाकून बसला, म्हणे उजेड चांगला आहे.

"टेलरमास्तर, तुमच्या वड्यांखाली खडे निघाले," म्हणाल्या आणि मेडलं टेबलावर ठेवली.

मी म्हटलं, "अहो, किती फेऱ्या मारायच्या मी? तुम्हाला ही नको का आहेत, एकदा सरळ सांगा."

मग त्या बसल्या. आजूबाजूला लाल कोट टांगलेले. त्यांनी एका झालरीला हात लावला. "हे पण बँडातच होते," म्हणाल्या.

जगदीशराव पलटणीच्या बँडात क्लॅरिनेट वाजवायचे, कांता! मला वाटलं बंदूकवाले असतील. जाईबाई म्हणाल्या, लढाई लागली की पलटणीचे वाजवणारे वाद्यं ठेवतात आणि स्ट्रेचर उचलतात. जखमींना आणायचं, पुन्हा जायचं, पुन्हा आणायचं.

"ते सांगायचे, मेडलवर माझं नाव आहे, पण ज्यांना आणलं त्यांची नावं मला ठाऊक नाहीत. रिटायर झाल्यावर दर सव्वीस जानेवारीला लोक कोट घालून उभं करायचे, फोटो काढायचे. वाजवा म्हणून कुणी म्हटलं नाही. धम्मपालनेही नाही. त्याने तो कोट कधी उघडूनसुद्धा बघितला नाही. म्हणून दिला बोहारणीला. म्हटलं, बघू, आई, बाबांची मेडलं कुठे आहेत, असं कधी विचारतो."

"आणि विचारलं नाही तर?"

"डबा आहेच."

डॅनी बाहेरून म्हणाला, "मग मावशी, ही मेडलं बरोबर बँडवाल्याकडेच आली की." जाईबाई हसल्या. हितेंद्रचा अर्धा कोट समोर होता, त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "शोभतील खरी, वाजवणाऱ्याच्या अंगावर." आणि नेमका त्याच वेळी हितेंद्र आत आला.

त्याने एवढंच ऐकलं.

जाईबाईंना बसस्टॉपपर्यंत सोडलं. गाडी यायला बराच वेळ लागला. बेस्टचा कारभार पार बिघडलाय, पण आज तक्रार नाही.

मेडलं पुन्हा उशीच्या खोळीत. ब्लाऊज राहिलाच.

१८ नोव्हेंबर

हितेंद्रला बजावून सांगितलं, बाई गमतीत म्हणाल्या. ती मेडलं माझ्याकडे ठेव म्हणून आहेत. त्यांचा मुलगा विचारेल त्या दिवशी मी नेऊन देणार. तो म्हणाला, "काका, तो मुलगा विचारणार नाही. मी त्याच्याच वयाचा आहे." मला वाईट वाटलं. मग लक्षात आलं, हितेंद्रने त्याच्या बापाचा ढोल मात्र अजून जपून ठेवलाय. वेगळ्या कारणाने असेल.

२३ नोव्हेंबर, रविवार

घाईत लिहितोय, अक्षर लागलं नाही तर सांभाळून घे.

सकाळी सगळे कोट घेऊन गेले. डॅनी पण गेला, नुसतं बघायला म्हणे. दुपारी फोन वाजला.

"टेलरमास्तर? मी जाईबाई. आजचा दिवस फार शुभ आहे. आत्ताच्या आत्ता मेडलं घेऊन या."

"आज कोणती तिथी?"

"कसली तिथी! धम्मपालने विचारलं!"

झालं होतं असं. सोसायटी संविधान दिनाला टॉवरातल्या जुन्या सैनिकांच्या घरांचा सत्कार करणार. कमिटीवाले आज संध्याकाळी मेडलांचा फोटो घ्यायला येणार. धम्मपाल ट्रंक उघडून बसला होता आणि ट्रंकेत गोधड्या. जाईबाई म्हणाल्या, "कमिटीसाठी का होईना, विचारलं तर आहे. आता नाहीत म्हटलं तर पुन्हा कधी विचारायचा नाही."

मी उशीच्या खोळीत हात घातला. कापूस.

मला तिथेच चक्कर आली, पण पडायला वेळ नव्हता. कात्री खिशात टाकली आणि टॅक्सी केली. प्रभादेवीला पोचलो तर वरात रस्त्याच्या मधोमध. मुलाकडचा बँड, मुलीकडचा बँड, दोघं एकमेकांवर वाजवतायत, नवरा घोड्यावर कानांवर हात ठेवून बसलाय. आणि सगळ्यांच्या पुढे हितेंद्र, गाल फुगवून, छातीवर जगदीश कासारे.

"हितेंद्र, काढ ते!"

तो वाजवत होता. थांबला असता तर समोरचा जिंकला असता. मग मी त्याच्या पुढ्यात गेलो आणि छातीला कात्री लावली. लोक ओरडले. कुणीतरी म्हणालं, "म्हाताऱ्याने मास्तरला भोसकलं!" एका मावशींनी मला हाताला धरून नाचायलाच घेतलं, त्यांना वाटलं मी वऱ्हाडातला. मी एकीकडे नाचतोय, एकीकडे उसवतोय. आणि टाके! कांता, तुला काय सांगू! मासे पकडायच्या नायलॉनच्या दोरीचे टाके, गाठी बोराएवढ्या. मी डॅनीकडे बघितलं. तो घोड्यामागे लपला.

"मी फक्त सुई धरली!" ओरडला. "हितेंद्रने दोरा ओढला!"

चांदणी निघाली, एक गोल निघालं, तिसरं निघेना. ते हजेरीचंच होतं. शेवटी कोटाचा तुकडाच कापला. हितेंद्रच्या छातीला भोक, आतून बनियन दिसतंय, पण पठ्ठ्याने सूर सोडला नाही. एका नजरेने तेवढं म्हणाला, काका, घरी या, बघतो.

वरळीला पोचलो तेव्हा कमिटीवाले सोफ्यावर बसले होते. धम्मपालने दार उघडलं. मी पुन्हा ओळख दिली, "मी टेलर. पॉलिशला दिली होती तुमच्या आईंनी." कांता, खोटं बोललो. एका मेडलाला लाल कापड आणि सोनेरी झालर चिकटलेली होती. मी म्हटलं, "हे पॉलिशचं फडकं."

जाईबाई स्वयंपाकघराच्या दारात भिंतीला धरून उभ्या होत्या, खांदे हलत होते. मला वाटलं, शेवटी रडल्या. रुमाल काढला. तर हसत होत्या.

धम्मपालने चांदणी उलटी केली. अक्षरांवरून बोट फिरवलं. कमिटीवाले फोटोसाठी घाई करत होते. तो म्हणाला, "याच्यावर बाबांचं नाव आहे." मग जाईबाईंकडे वळून, "आई, बाबांनी तिकडे नेमकं काय केलं होतं गं?"

जाईबाई म्हणाल्या, "बस. सांगते. कमिटीला चहा दे आधी."

मी निघालो. मेडलाला काही अर्थ आहे का नाही, हे मला अजूनही कळलेलं नाही. पण त्या घरात एक प्रश्न अडकून बसला होता, तो सुटला हे मात्र माझ्या समोर झालं.

२४ नोव्हेंबर

हितेंद्र बोलत नाही. म्हणून मीच गेलो आणि त्याचा कोट घेऊन आलो. भोकावर भरतकाम करून क्लॅरिनेट काढणार आहे. त्याला आवडेल. नाही आवडलं तरी भोक तरी बुजेल.

मुलीकडचा बँड म्हणे काल आधी थांबला. माझ्यामुळेच, असं डॅनी सांगत फिरतोय. माझी कात्री बघायला ते वाजवायचं सोडून उभे राहिले म्हणे.

१ डिसेंबर

आता वरळीला जायचं कारण नाही. मेडलं पोचली. डबा त्यांच्याकडे आहे. बरं झालं. तेवढीच दगदग वाचली.

जेवण जात नाही. गॅस असेल.

३ डिसेंबर

नव्या सदऱ्याला इस्त्री केली. कशाला केली?

९ डिसेंबर

कांता, आज धम्मपाल आला होता. ऑफिसला जाताना वाट वाकडी करून आला. "आईने दिलाय," म्हणून डबा ठेवला. मग उभाच राहिला. कोटांकडे बघत होता. म्हणाला, "काका, तुमच्या बँडात क्लॅरिनेट कुणी शिकवतं का? माझ्यासाठी. बाबांचं जुन्या घरात माळ्यावर होतं, सामान हलवताना मी टॉवरात घेऊन आलो. आईला माहीत नाही." मी त्याला डॅनीकडे पाठवलं. डॅनीला दात नाहीत, पण शिकवायला जीभ पुरते.

जाता जाता म्हणाला, "मेडलांची फ्रेम केली. पण एक पुन्हा हरवलंय. आईला विचारलं तर म्हणते, असेल कुठेतरी, जिथे असायचं तिथे. कमाल म्हणजे, तिसऱ्या खाचेत आता तिने चमचा अडकवलाय."

तो गेल्यावर डबा उघडला. बेसनाचे लाडू. त्यांच्याखाली कागद. कागदाखाली ते गोल मेडल. हजेरीचं. लाल कापड काढून धुऊन पुसलेलं, नव्या फितीत ओवलेलं, आणि टाके मात्र सुबक. ब्लाऊज सैल करायला माझी काही गरज नव्हती त्यांना, हे टाके बघून कळलं.

आता याचा अर्थ काय, कांता? चुकून राहिलं म्हणावं, तर कागद चारी बाजूंनी नीट दुमडलाय. हितेंद्रसाठी म्हणावं, तर त्याला एकच का? लढाईची दोन का नाही पाठवली? मी तर कुठल्या लढाईत नव्हतो. मी काय केलं? नुसता जात राहिलो. डॅनीला विचारलं तर तो इतका हसला की त्याला ठसका लागला, आणि म्हणाला, "मला नको विचारू, कांताला विचार."

म्हणून तुला विचारतोय. डबा परत द्यायचा आहे आणि तो रिकामा देता येत नाही, तूच शिकवलंस. मेडल ठेवून घेऊ आणि डब्यात खाजं घालू? का मेडल डब्यात घालून परत देऊ? मेडल ठेवलं तर कुठे लावायचं, नव्या सदऱ्यावर बरं दिसेल का? तुला काय वाटेल, तेही सांग. खरं सांग, बरं वाटावं म्हणून नको.

उद्यापासून खिडकीत चपातीचा तुकडा ठेवतो. कावळा पाठव. डावीकडून आला तर ठेवू, उजवीकडून आला तर परत देऊ, असं मी धरून चालतो. उलटं असेल तर तसं काहीतरी दाखव. पण लवकर कळव, कांता. लाडू संपत आलेत.